लपण्यासाठी बनलेल्या ट्रकला उजेड हवा आहे

एम-35 या जुन्या अमेरिकन लष्करी ट्रकचे हेडलाइट नुसतं बटण दाबून लागत नाहीत. डॅशबोर्डवर तीन खटक्यांचा एक स्विच असतो. मोठा खटका दिव्यांचा, दुसरा मीटरच्या दिव्यांचा आणि तिसरा फक्त कुलपाचा. कुलपाचा खटका बोटानं उचलून धरल्याशिवाय मोठा खटका हेडलाइटच्या घरात जातच नाही. ‘ब्लॅकआउट मार्कर’ या घरात मात्र तो कुलूप न उघडता सरकतो. मिट्ट काळोखात पेंगुळलेल्या ड्रायव्हरचा हात चुकून स्विचवर पडलाच, तर लागणार ते मिणमिणते दिवेच. लख्ख उजेड पाडायचा असेल तर तो जाणूनबुजून, दोन बोटं कामाला लावून पाडावा लागतो.

असा ट्रक सैन्यातून निवृत्त होऊन एखाद्या हौशी माणसाच्या अंगणात आला की पंचाईत सुरू होते. ज्या गाडीची सगळी हुशारी शत्रूच्या विमानाला न दिसण्यात खर्ची पडली, तिला आता हमरस्त्यावर मागून ताशी 110 किलोमीटरनं येणाऱ्या मोटारीला ठळक दिसायचं असतं. आणि ज्या केबिनमध्ये एकोणीस-वीस वर्षांच्या शिपायाला हुकमानं बसवलं जायचं, तिथं आता साठीचा मालक आपल्या पैशानं, आपल्या कंबरेनिशी बसतो.

एम-35 अमेरिकेत ‘ड्यूस अँड अ हाफ’ या नावानं ओळखला जातो, कारण खडबडीत रानातही अडीच टन माल नेण्याची त्याची नोंदलेली क्षमता. हे टोपणनाव मूळचं दुसऱ्या महायुद्धातल्या जीएमसी कंपनीच्या सहा चाकी ट्रकचं. ते ट्रक पाच लाखांहून जास्त बनले. युद्धानंतर 1950 च्या सुमारास रिओ कंपनीनं मिशिगन राज्यातल्या लान्सिंगमध्ये त्याचा वारस घडवला, तो हा एम-35. पुढे स्टुडबेकर, कायझर आणि एएम जनरल या कंपन्यांनीही तो बनवला. साठच्या दशकातल्या ए-2 आवृत्तीत 7.8 लिटरचं, सहा सिलिंडरचं मल्टिफ्युएल इंजिन आलं. डिझेलवर तर ते चालायचंच, पण अडीअडचणीला रॉकेल किंवा जेट विमानाचं इंधन दिलं तरी कुरकुर करत नसे. सुमारे 130 अश्वशक्ती, रिकाम्या गाडीचं वजन सहा टनांच्या आसपास आणि वेगाची कमाल ताशी 90 किलोमीटर. त्या कमालीला केबिनमध्ये काय होतं, ते पुढे येईलच.

आधी दिव्यांचं. डाव्या मडगार्डवर टोपी घातलेला एक छोटा दिवा असतो, तो ब्लॅकआउट ड्राइव्हचा. त्याचा फिकट उजेड फक्त पुढच्या रस्त्यावर सांडतो, वर आकाशात जात नाही. मागच्या दिव्यातली करामत त्याहून बारीक आहे. त्यात लाल रंगाच्या चिमुकल्या खिडक्यांच्या दोन जोड्या असतात. मागच्या ड्रायव्हरला चारही ठिपके वेगळे दिसले, तर तो 60 फुटांच्या आत आला आहे, म्हणजे फार जवळ. दोन दिसले तर अंतर 60 ते 180 फूट, म्हणजे बरोबर. चारांचा मिळून एकच ठिपका झाला तर तो मागे पडला आहे. अंतर वाढलं की जवळजवळचे ठिपके डोळ्याला वेगळे ओळखता येत नाहीत, एवढ्याच गोष्टीचा उपयोग करून अमेरिकन सैन्यानं जास्तीच्या विजेशिवाय अंतर मोजण्याचं यंत्र बनवलं. या खिडक्यांना ‘कॅट आय’, मांजरडोळे, म्हणतात. 1944 च्या ऑगस्टपासून नोव्हेंबरपर्यंत फ्रान्समध्ये पुढे सरकणाऱ्या सैन्याला रसद पोचवणाऱ्या ‘रेड बॉल एक्सप्रेस’च्या ट्रकांना असेच मांजरडोळे होते. त्या ट्रकांवरचे बहुसंख्य ड्रायव्हर कृष्णवर्णीय अमेरिकन शिपाई होते, आणि रात्री-बेरात्री त्यांना पुष्कळदा रस्ता मिणमिणत्या उजेडातच शोधावा लागे.

आजच्या मालकाला मांजरडोळे ठेवायचे असतात, पण त्यांच्या भरवशावर घरी परतायचं नसतं. अमेरिकेत मिझुरी राज्यातल्या इंडिपेंडन्स इथं ‘मिलिटरी व्हेइकल प्रिझर्व्हेशन असोसिएशन’ ही अशा मालकांची संघटना आहे. तिनं 2009 मध्ये जुन्या लष्करी गाड्यांचा ताफा वॉशिंग्टनहून सॅन फ्रान्सिस्कोला नेला. 1919 मध्ये अमेरिकन सैन्यानं लिंकन हायवेनं असाच ताफा नेला होता. त्यात आयझेनहॉवर नावाचा एक तरुण अधिकारी होता आणि सुमारे 5,200 किलोमीटरला 62 दिवस लागले होते. अशी मजल मारायची तर गाडी प्रदर्शनात उभी राहण्याजोगी असून चालत नाही. ती दिवसभर चालवता आली पाहिजे, आणि चालवणारा दुसऱ्या दिवशी उठून उभा राहिला पाहिजे.

दिव्यांच्या बाबतीत बहुतेकजण पहिली उडी एलईडीवर मारतात. ती दुसरी असायला हवी. जुन्या ट्रकचा हेडलाइट मंद असतो, याचं खापर दिव्यावर फुटतं, पण पुष्कळदा दोष तारेत आणि त्याहून जास्त अर्थिंगमध्ये असतो. टंगस्टनच्या तारेचा दिवा व्होल्टेजला फार हळवा. व्होल्टेज दहा टक्क्यांनी उतरलं तर उजेड जवळजवळ तीस टक्क्यांनी उतरतो. आता या ट्रकच्या दिव्यांचं अर्थिंग बऱ्याच ठिकाणी दिव्याच्या पत्र्यातून, ब्रॅकेटमधून, काबल्यातून चेसीवर जातं. सैन्यानं मात्र तीस वर्षांत त्याच ब्रॅकेटवर हिरव्या रंगाचे थरावर थर चढवलेले असतात. काबला काढला की खालच्या पत्र्यावर रंगाची गुळगुळीत कडा आणि तिच्या आत गंजाचं तपकिरी वर्तुळ दिसतं. वीज जाणार कुठून? तेवढा पत्रा पॉलिश पेपरनं चकचकीत घासून, तारेला चांगला लग बसवून, वर थोडं ग्रीस लावलं की जुनेच दिवे डोळे उघडतात. मल्टिमीटर हाती असला तर काम आणखी सोपं. दिवा लावून बॅटरीच्या निगेटिव्हपासून दिव्याच्या पत्र्यापर्यंतचं व्होल्टेज मोजायचं. ते शून्याच्या जवळ हवं. एक-दोन व्होल्ट निघाले तर चोर सापडला.

सैनिकी वायरिंगची एक सोय इथं मालकाच्या उपयोगी पडते. प्रत्येक तारेच्या टोकाला नंबराची धातूची पट्टी असते. 17 नंबर अप्परचा, 18 नंबर डिपरचा, 19 ब्लॅकआउट ड्राइव्हचा. जोड रबरी आवरणाचे, पाण्यात बुडाले तरी आत ओल न जाणारे, आणि नुसते ओढून सुटणारे. लढाईत हातमोजे घातलेल्या शिपायाला अंधारातही दुरुस्ती करता यावी म्हणून केलेली ही रचना. ती तोडून तिथं बाजारातले निळे-पिवळे क्लिप लावणं म्हणजे करंटेपणा.

अर्थिंग झालं की मग एलईडी. इथं इतिहास मालकाच्या बाजूनं उभा राहतो. अमेरिकेत 1940 च्या मॉडेलांपासून मोटारींसाठी सात इंची गोल सीलबंद हेडलाइट हे प्रमाण ठरलं आणि सैन्यानंही तेच माप उचललं. त्यामुळे आज जीप, हार्ले डेव्हिडसन किंवा हमवीसाठी बनणारा सात इंची एलईडी दिवा सत्तर वर्षांपूर्वीच्या या ट्रकच्या घरात मापानं चपखल बसतो. आपल्याकडची थार आणि बुलेटही याच मापाच्या कुटुंबातली. मात्र दिवा 24 व्होल्टवर चालणारा आहे की नाही, हे खोक्यावर वाचून घ्यावं लागतं, कारण ट्रकची वीज 24 व्होल्टची आणि हार्लेची 12 व्होल्टची.

पूर्ण दिवा बदलणं वेगळं आणि हॅलोजनच्या वाटीत एलईडीचा बल्ब कोंबणं वेगळं. हॅलोजनची वाटी आणि काच एका बारीकशा तारेभोवती आखलेली असते. उजेडाचा उगम मिलिमीटरभर सरकला तरी झोत विस्कटतो. मालकाला उजेड वाढल्यासारखा वाटतो, समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांपुढे मात्र काजवे चमकतात. अमेरिकेच्या वाहनदिव्यांच्या नियमात असा बल्ब बसत नाही, तो याचसाठी. एम-35 चे हेडलाइट मोटारीपेक्षा बरेच उंचावर असल्यानं त्यांचा रोख नीट लावणं तर फारच गरजेचं. सपाट जागेवर, भिंतीपासून 25 फुटांवर ट्रक उभा करून डिपरच्या झोताची वरची कड दिव्याच्या मध्यापेक्षा दोनेक इंच खाली आणायची, ही गॅरेजमधली सर्वसाधारण रीत. ट्रकमध्ये नेहमीचा माल असेल तर तो भरूनच हे करावं. रिकामा हौदा उचललेला असतो आणि भरला की नाक वर जातं.

एलईडीचा एक तोटा थंड मुलखात कळतो. जुना दिवा निम्म्याहून जास्त वीज उष्णतेत घालवायचा आणि त्या उष्णतेनं काचेवरचं बर्फ वितळायचं. एलईडीची काच थंडगार राहते, बर्फ साचतं आणि महागडा दिवा पांढऱ्या पडद्याआड जातो. म्हणून काच तापवणाऱ्या तारांचे एलईडी दिवेही मिळतात. अलास्का-मिनेसोटातल्या मालकांना ते घ्यावेच लागतात, टेक्सासवाल्याला त्यांचं काही सोयरसुतक नाही.

यापुढचा भाग विजेचा आणि थोडा खोल. सैनिकी गाड्या 24 व्होल्टवर चालतात. त्यासाठी 12 व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकामागोमाग जोडलेल्या असतात. इंजिन चालू असताना व्होल्टेज 28 च्या घरात असतं, पण मोठा भार एकदम सुटला किंवा बॅटरीचा जोड ढिला पडला तर क्षणभर ते कुठल्या कुठे उडतं. अमेरिकन सैन्याचं ‘मिल-स्टँडर्ड 1275’ हे मानक, उपकरणांनी काय सोसलं पाहिजे ते सांगतं. क्षणिक चढ 100 व्होल्टपर्यंत आणि त्याहूनही निमिषार्धाचे टोकदार धक्के 250 व्होल्टपर्यंत. टंगस्टनची तार असे धक्के पचवते, कारण तिला तापायलाच वेळ लागतो. एलईडीमागचं इलेक्ट्रॉनिक सर्किट मात्र तिथल्या तिथे दम तोडतं. स्वस्तातले दिवे या ट्रकांवर महिन्याभरात का मरतात, याचं उत्तर इथं आहे. ‘9 ते 32 व्होल्ट’ असं खोक्यावर छापलेलं असलं तरी ते रोजच्या वापराचं, धक्क्यांचं नव्हे.

इंडिकेटरची गंमत आणखी निराळी. या ट्रकमध्ये ब्रेकचा आणि वळण्याचा लाल दिवा एकच, आणि तो उघडझाप करवणारा जुना फ्लॅशर दिव्यांनी ओढलेल्या करंटवर अवलंबून. एलईडीचा करंट इतका कमी की दिवे एकतर लागूनच राहतात किंवा वेड्यासारखे फडफडतात. उपाय सोपा आहे. भार न बघता चालणारा इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर बसवायचा. कुणी जास्तीचे रेझिस्टर लावून करंट वाढवतं. तेही चालतं, पण वीज वाचवणारा दिवा घेऊन वाचलेली वीज जाळून टाकायची, यात शहाणपण कुठलं?

आणि मग फोन चार्ज करायचा असतो. जीपीएस लावायचं असतं, गाणी ऐकायची असतात, आणि हे सगळं 12 व्होल्टचं. समोर 12 व्होल्टच्या दोन बॅटऱ्या दिसतात, त्यातल्या एकीवर तार टाकावीशी वाटते, आणि पुष्कळजण टाकतातही. पहिले काही दिवस काही बिघडत नाही. पण त्या एका बॅटरीतून वीज जास्त निघते, दुसरी भरलेलीच राहते. अल्टरनेटरला दोघींची फक्त बेरीज दिसते. बेरीज 28 भरली की तो खूश. प्रत्यक्षात एकीच्या वाट्याला 13 आणि दुसरीच्या वाट्याला 15 व्होल्ट आलेले असतात. पहिली अर्धपोटी राहून खराब होते, दुसरी जास्त चार्ज होऊन उकळते आणि पाणी संपवते. दोन्ही बॅटऱ्या एकाच हंगामात जातात आणि दोष बॅटरीच्या कंपनीला लागतो. यावर 24 चे 12 व्होल्ट करणारा कन्व्हर्टर किंवा दोन बॅटऱ्यांचा तोल राखणारा इक्वलायझर हाच इलाज. तो घेताना रेडिओचा शौक असलेल्यांनी आणखी एक पाहावं. सैन्यानं या ट्रकांची विद्युत यंत्रणा बिनतारी संदेशात खरखर येऊ नये म्हणून मुद्दाम बंदिस्त केलेली असते. हलक्या दर्जाचा कन्व्हर्टर किंवा एलईडीचा ड्रायव्हर ती सगळी मेहनत पाण्यात घालवतो.

लांबून दिसण्यासाठी आणखी एक जोड लागते. अमेरिकेत 80 इंचांहून रुंद गाडीला टपावर मध्यभागी तीन आणि दोन कडांना एकेक असे दिवे लावावे लागतात. ड्यूस 96 इंच रुंद आहे. सैन्याला सूट होती, म्हणून कारखान्यातून आलेल्या ट्रकला ते नाहीत. ताडपत्रीच्या टपावर दिवे बसवायचे कुठे? सुज्ञ मालक एक पट्टी बनवून ती काचेच्या चौकटीच्या मूळ बोल्टांवरच अडकवतात, नवं भोक पाडत नाहीत.

केबिनमध्ये दिवा नसतोच. नकाशा वाचायला सैनिक लाल फिल्टरची बॅटरी वापरायचे. डोळ्यांना अंधार सवयीचा व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात, आणि लाल उजेड अंधारात पाहणाऱ्या पेशींना फारसा जाणवत नाही, म्हणून तो लावला तरी ती सवय मोडत नाही. त्याची एक अडचण अशी की नकाशावरच्या लाल रेषा लाल उजेडात गायब होतात. आज लाल आणि पांढरा असे दोन्ही रंग देणारा छोटा एलईडी दिवा बसवला की काम भागतं.

आता केबिनचं, आणि तिथं पहिली गोष्ट आवाज. इंजिन पायांच्या पलीकडे एका पत्र्याआड. क्लीनरच्या बाजूला केबिनला लागूनच उभा धुराडा, आणि टर्बोच्या ट्रकांना बहुधा सायलेन्सर नाहीच. एका विशिष्ट टर्बोची शीळ इतकी तीव्र की असे ट्रक ‘व्हिसलर’ म्हणून ओळखले जातात. चौकोनी नक्षीच्या सैनिकी टायरांचा घरघराट वेगळा. हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागत असेल तर आवाज 85 डेसिबलच्या पुढे गेला असं समजतात. अमेरिकेच्या ‘नायॉश’ या व्यवसाय-आरोग्य संस्थेच्या शिफारशीप्रमाणे 85 डेसिबलमध्ये आठ तास, 88 मध्ये चार, 91 मध्ये दोन आणि 94 मध्ये एकच तास. दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. एम-35 मध्ये बसून देशाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जाणाऱ्यानं कानात बोळे घातलेच पाहिजेत. कुठलाही गालिचा त्यांची जागा घेत नाही.

तरीही केबिन शांत करता येते, पण क्रम पाळावा लागतो. थरथरणाऱ्या पत्र्याला आतून ब्यूटाइल रबराच्या चिकट पट्ट्या लावल्या की तो टिनासारखा वाजायचा थांबतो. अख्खा पत्रा मढवायची गरज नसते, मधला तिसरा हिस्सा झाकला तरी बराच फरक पडतो. त्यावर बंद पेशींच्या फोमचा थर आणि त्यावर जड विनाइलची चादर. आवाज अडवायचं खरं काम या चादरीचं, कारण आवाजाला वजनच रोखतं. हे सगळं करूनही फरक पडला नाही अशी तक्रार येते, तेव्हा भोकं पाहावीत. क्लचच्या दांड्याचं, गिअरचं, स्टिअरिंगच्या खांबाचं भोक, फाटलेले रबरी बूट. एखाद्या भिंतीत शंभरातला एक भाग उघडा असला तर बाकीची नव्व्याण्णव टक्के भिंत कितीही जाड असो, ती 20 डेसिबलपेक्षा जास्त आवाज अडवू शकत नाही. म्हणजे हजारो रुपयांच्या चादरीआधी शंभर रुपयांचा रबरी बूट.

इथं ट्रकची मूळ रचना विसरली की घात होतो. ताडपत्रीच्या केबिनमध्ये पाऊस आत येणार, हे गृहीत धरूनच ती बनवली आहे. पाणी खाली निघून जातं. तिथं स्पंजासारखा फोम किंवा जाड गालिचा अंथरला तर पाणी धरून ठेवणारं डबकंच तयार होतं आणि दोन पावसाळ्यांत खालचा पत्रा चाळणी होतो. म्हणून बंद पेशींचाच फोम, आणि जमिनीवरचं सगळं उचलून वाळवता येईल असं.

सीटचं शास्त्र उलटं वाटतं. खड्ड्यांनी कंबर मोडते म्हणून लोक जाड, मऊ उशी घेतात. माणसाचं बसलेलं धड सेकंदाला 4 ते 8 हेलकाव्यांना सर्वांत जास्त साथ देतं, आणि साध्या फोमची सीट माणसाच्या वजनाखाली साधारण 4 हेलकाव्यांवरच डोलते. त्यामुळे नको तेच हेलकावे ती वाढवते. लांब पल्ल्याच्या ट्रकांतली हवेवर तरंगणारी सीट सेकंदाला एक-दीड हेलकाव्याची असते. तिच्या स्वतःच्या हेलकाव्याच्या सुमारे दीडपटीच्या वरचे सगळे धक्के ती गाळते. ड्यूसमध्ये ब्रेकसाठी हवेचा कॉम्प्रेसर आहेच, तेव्हा अशा सीटला हवा फुकट मिळते. अडचण जागेची. हवेच्या सीटचा पाया उंच, आणि ताडपत्रीचं टप डोक्याला लागतं. बुटक्या पायाची सीट शोधावी लागते, आणि तरीही सहा फुटी मालकानं विकत घेण्याआधी एकदा बसून पाहावं. सीट बदलताना पट्टाही बसवावा, आणि तो सीटला नुसता न अडकवता चेसीला घट्ट धरलेल्या पत्र्यालाच.

हीटर, वायपर आणि स्टिअरिंग हे छोटे विषय. सैन्याकडे थंड प्रदेशासाठी लोखंडी टप आणि इंजिनच्या गरम पाण्यावर चालणारा हीटर असे संच होतेच. ते जुन्या साठ्यात मिळाले तर नव्या कशापेक्षाही चांगले बसतात. उन्हाळ्यात पुढची काच खालून बाहेर ढकलली की वारा येतो. मूळ वायपर हवेवर चालतात, फुसफुसतात आणि गळू लागले तर ब्रेकसाठी साठवलेली हवा खातात. 24 व्होल्टच्या विजेच्या वायपरवरचा खर्च सत्कारणी लागतो. स्टिअरिंग जड आहे, पण गाडी चालती ठेवून वळवायची सवय लागली की खांदे तक्रार करत नाहीत.

या सगळ्यात सांभाळायची एक बाब आहे. ऐंशीच्या दशकापासून सैन्यानं वापरलेला रासायनिक अस्त्रांना न जुमानणारा रंग आणि त्याखालचा प्रायमर घासताना उडणारी धूळ फुफ्फुसांना घातक असू शकते. मास्क लावून, ओलं करूनच घासावं. महायुद्धाच्या काळातल्या गाडीच्या मीटरवर चमकणारे आकडे असतील तर त्यात रेडियम असण्याचा संभव असतो. ते मीटर उघडून आत एलईडी बसवण्याचा मोह टाळावा. जुन्या ब्रेकच्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असतं, तिथं हवेचा पाइप मारून धूळ उडवू नये.

मूळ रूप जपणाऱ्यांना हे बदल पटत नाहीत. त्यांच्यासाठी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. 1990 च्या दशकात अमेरिकन सैन्यानंच हजारो ड्यूस कारखान्यात परत नेले आणि त्यांना कॅटरपिलरचं इंजिन, ऑटोमॅटिक गिअर, पॉवर स्टिअरिंग आणि मोठे रेडियल टायर देऊन ए-3 म्हणून पुन्हा कामाला लावलं. म्हणजे सुधारणा हीच या ट्रकची परंपरा. वाद घालायचाच असेल तर तो कापाकापीबद्दल घालावा. मूळ तारा न तोडता सैनिकी जोडाचीच मधली वायर बनवून नवा दिवा लावला, जुन्या बोल्टवर नवी पट्टी बसवली, काढलेली प्रत्येक वस्तू डब्यात नावानिशी ठेवली, तर पुढचा मालक एका रविवारात गाडी 1965 सालात नेऊन ठेवू शकतो.

भारतात अशा गाड्यांची जात वेगळी. आपल्या सैन्याचा ‘शक्तिमान’ हा जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्यावर 1959 पासून जबलपूरला बनू लागला, आणि निस्सानच्या आराखड्यावरची ‘जोंगा’ 1969 ते 1999 पर्यंत तिथल्याच वाहन कारखान्यातून निघाली. लिलावातून बाहेर पडलेल्या जोंगा हौशी लोकांकडे आहेत. इथंही गाडीची वीज 24 व्होल्टची असेल, तर बॅटऱ्यांचं वर सांगितलेलं गणित तसंच लागू पडतं, आणि अर्थिंगचं तर कुठल्याही गाडीला. कायद्याचं गणित मात्र वेगळं आहे. 1988 च्या मोटार वाहन कायद्याचं कलम 52 उत्पादकानं दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करू देत नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते ठामपणे बजावलं. जुलै 2021 च्या केंद्रीय नियमांनी 50 वर्षांहून जुन्या दुचाकी आणि प्रवासी चारचाकींना ‘व्हिंटेज’ म्हणून 20,000 रुपये शुल्कात दहा वर्षांची वेगळी नोंदणी दिली, पण चेसी, बॉडी आणि इंजिनमध्ये मोठे बदल नसावेत या अटीवर. ट्रकला ही वाट मोकळी नाही.

तेव्हा लिलावातली जोंगा किंवा शक्तिमान दारात आणणाऱ्यानं आधी नोंदणीची कागदपत्रं तपासावीत. मग ब्रेक, मग अर्थिंग, मग दिवे, मग कान आणि शेवटी सीट, या क्रमानं पैसा घालावा. छतावर लखलखती एलईडीची पट्टी लावायचा विचार असेल तर ती रस्त्यावर लावूच नये. समोरून येणारा दुचाकीस्वार त्या उजेडात रस्ता पाहू शकत नाही.